'विंडोज ७' ही जोखीम नव्हे

तुम्ही लिहिलंय की सांगलीतल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग तुम्ही एकहाती सांभाळता, सहा शाखा आहेत, आणि ऑडिटरने तुमचं रिस्क रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या जोखमींची नोंदवही, एका ओळीचा शेरा मारून परत पाठवलं: 'जोखमी नोंदवलेल्या नाहीत, केवळ उणिवा व साधने नोंदवली आहेत.' ४२ ओळी भरल्यावर हे ऐकून घ्यावं लागलं, याचा तुम्हाला राग आलाय. नमुन्याला पहिल्या चार ओळी दिल्यात: 'विंडोज ७', 'पासवर्ड पॉलिसी नाही', 'व्हायरस' आणि 'सर्व्हर'. थ्रेट, व्हल्नरेबिलिटी, रिस्क, एक्स्पोजर, रेसिड्युअल रिस्क यांत नेमका फरक काय आणि रकाने भरायचे कसे, असा तुमचा प्रश्न आहे.

ऑडिटरचं बरोबर आहे. तुमचा रागही बरोबर आहे, कारण शेऱ्याखाली त्याने आणखी दोन वाक्यं लिहिली असती तर तुमचा आठवडा वाचला असता.

वीस वर्षं मी सहकारी बँका, पतसंस्था आणि मध्यम कारखान्यांची माहिती-सुरक्षा तपासतोय. बहुतेक रजिस्टरं मला अशीच दिसतात. तुमच्या चार ओळी पुन्हा वाचा. 'विंडोज ७' ही व्हल्नरेबिलिटी, म्हणजे कच्चा दुवा. 'पासवर्ड पॉलिसी नाही' हा नसलेला कंट्रोल, म्हणजे न केलेला बचावाचा उपाय. 'व्हायरस' हा थ्रेट, म्हणजे नुकसान करू शकणारं संकट. 'सर्व्हर' ही मालमत्ता, म्हणजे असेट. चार वेगळ्या जातीच्या गोष्टी एका रकान्यात बसल्यात आणि त्यातली एकही जोखीम नाही. भाजीच्या यादीत कांदा, विळी, गॅस आणि भूक एकाखाली एक लिहावी तसं झालंय.

घोळाचं निम्मं कारण आपल्या बोलण्यात आहे. 'धोका' हा शब्द आपण सगळीकडे खपवतो. चोर म्हणजे धोका, उघडं दार म्हणजे धोका, आणि घरफोडी होईल ही भीती म्हणजेही धोका. म्हणून कामाच्या कागदावर मी 'धोका' लिहितच नाही. थ्रेटला थ्रेट म्हणतो, व्हल्नरेबिलिटीला फट म्हणतो आणि रिस्कला जोखीम. व्हल्नरेबिलिटीला कुणी 'भेद्यता' म्हणतं, तेही चालेल. पण भेद्यता म्हटल्यावर कॅशियर मान वर करत नाही, फट म्हटल्यावर करतो.

जोखीम हा शब्द मात्र जुना आणि फार नेमका आहे. माझी आजी एसटीने माहेरी निघाली की म्हणायची, 'अंगावर जोखीम आहे, रात्रीची गाडी नको.' जोखीम म्हणजे तिच्या पाटल्या आणि मोहनमाळ. जुन्या व्यापारात जोखमी हुंडी असायची: माल जहाजातून सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे द्यायचे, माल बुडाला तर हुंडीही बुडाली. त्या एका शब्दात किमती वस्तू आली, वाटेतलं संकट आलं, बुडण्याची शक्यता आली आणि नुकसान कोणाच्या अंगावर पडणार तेही आलं. तुमच्या रजिस्टरातल्या ओळीत हे सगळं एकत्र यायला हवं, आणि तेच राहून गेलंय.

तुम्ही सांगलीचे आहात, त्यामुळे माझं काम सोपं आहे. पावसाळ्यात गावातलं शेंबडं पोरही आयर्विन पुलाची पातळी विचारतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. आता तुमचा सर्व्हर नदीकाठच्या मुख्य शाखेत तळमजल्यावर आहे असं धरा.

सर्व्हर, म्हणजे खरं तर त्यावरची ठेवीदारांची खाती, ही मालमत्ता. कृष्णा हा थ्रेट. थ्रेटला तुमच्याशी वैर असायला लागत नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची जोखीम मोजण्याची मार्गदर्शिका, एसपी ८००-३०, २०१२ च्या आवृत्तीत थ्रेटचे चार उगम मांडते: मुद्दाम हल्ला करणारे, चुकून चूक करणारे, यंत्रं किंवा सॉफ्टवेअर आपोआप बिघडणं, आणि निसर्ग वगैरे बाहेरची संकटं. आपल्या रजिस्टरांत फक्त पहिला उगम असतो, तोही 'हॅकर' या एका शब्दात. सहकारी संस्थांत मी पाहिलेलं सर्वाधिक नुकसान दुसऱ्या उगमाने केलंय: चुकीच्या डेटाबेसवर चालवलेली एक कमांड.

तळमजला ही फट. नदीवर तुमचा काहीही इलाज चालत नाही, फटीवर चालतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण रजिस्टरात थ्रेट लिहिला की माणूस हात जोडून बसतो आणि फट लिहिली की कामाला लागतो.

एक्स्पोजर म्हणजे ती फट त्या थ्रेटच्या वाटेत किती उघडी पडलीय ते. तुमची जतची शाखाही तळमजल्यावरच असेल. फट तीच. पण दुष्काळी जतला नदीचं पाणी दारात आलं तर लोक पेढे वाटतील. तळमजला दोन्हीकडे आहे, जोखीम एकीकडेच आहे. हेच नेटवर्कमध्ये होतं: एकच जुनं सॉफ्टवेअर, एक यंत्र थेट इंटरनेटवर, दुसरं कपाटातल्या बंद नेटवर्कवर. फटी शोधणाऱ्या स्कॅनर सॉफ्टवेअरचा अहवाल दोघांनाही सारखाच लाल रंग देतो.

मग शक्यता, म्हणजे लाइकलीहुड. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीची दारं किती उघडी आहेत, पाऊस कुठे पडतोय, यावर तुमच्याकडे चहाच्या टपरीवर जी चर्चा होते ती शक्यतेचीच चर्चा असते, आणि ती बऱ्याच सल्लागारांच्या एक्सेलपेक्षा चांगली असते. पण तीही फसते. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर धरून ज्यांनी सामान तिच्या वर रचलं, त्यांचंही ऑगस्ट २०१९ मध्ये भिजलं, कारण पाणी ५७ फुटांवर गेलं. मागे झालं नाही म्हणून पुढे होणार नाही, हा शक्यतेचा अंदाज नसतो. ती फक्त आठवण असते.

परिणाम, म्हणजे इम्पॅक्ट. इथे लोक सर्व्हरची किंमत लिहितात, दोन लाख. सर्व्हर दोन लाखांचा असेल, पण परिणाम दोन लाखांचा नाही. चार दिवस काउंटर बंद, सोनेतारणाचे दागिने सोडवायला आलेले लोक दारात, गावात 'संस्था बुडाली' ही अफवा, आणि ठेवी काढायला रांग. पतसंस्थेचा परिणाम नेहमी रांगेत मोजा. त्यात कायद्याची बाजूही धरा: सर्ट-इन या सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सर्व्हर पहिल्या मजल्यावर नेला, हा कंट्रोल. पातळीवर लक्ष ठेवायला माणूस नेमला, हाही कंट्रोल, पण वेगळ्या प्रकारचा: तो पाणी अडवत नाही, वेळेत सांगतो. मिरजेत बॅकअप ठेवला, तो तिसरा: तो अडवतही नाही, सांगतही नाही, नंतर उभं करतो. काहीच न करता असलेली जोखीम ती इनहेरंट. हे सगळं केल्यावरही जी उरते ती रेसिड्युअल, आपण तिला उरलेली जोखीम म्हणू. पहिल्या मजल्यावर नेलं तरी वीज जाणार, जनरेटर तळमजल्यावरच आहे, रस्ते बंद झाले की तुम्ही स्वतः पोचू शकणार नाही. म्हणजे काहीतरी उरतंच. शून्य उरली असं लिहिलेलं रजिस्टर मी तसंच परत करतो.

इतकं नदीवरून. पण नदी आपल्याला शोधत येत नाही आणि चोर येतो, म्हणून एक खरं प्रकरण घेऊ. सहकारातल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ आहे, तरी त्यातली मालमत्ता कोणती हे विचारलं की बहुतेक जण चुकतात.

पुण्याची कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये निघाले. भारतातही अडीच कोटी गेले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या संदेशांवरून हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, फटका बँकेच्या स्वतःच्या पैशाला बसला, असं बँकेने तेव्हाच सांगितलं.

खात्यांना धक्का नाही आणि ९४ कोटी गेले, हे कसं? एटीएममध्ये कार्ड घातलं की 'देऊ का?' असा प्रश्न बँकेच्या स्विचकडे येतो, स्विच तो कोअर बँकिंगला, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीला, विचारतो, तिथून शिल्लक बघून हो किंवा नाही येतं. हल्लेखोरांनी मालवेअर, म्हणजे घातकी सॉफ्टवेअर, पेरून मध्ये एक खोटा स्विच उभा केला आणि त्या खोट्या स्विचने कोअर बँकिंगला न विचारताच 'हो' म्हणायला सुरुवात केली. ज्या मालमत्तेवर घाव बसला ती तिजोरी नव्हती, खाती नव्हती, डेटाबेसही नव्हता. ते 'हो' होतं. मंजुरीचा एक शब्द.

आता तुमच्या मालमत्तेच्या यादीकडे बघा: सर्व्हर, प्रिंटर, यूपीएस, राउटर. ही डेडस्टॉकची यादी आहे. माहिती-सुरक्षेत मालमत्ता म्हणजे जी बिघडली तर संस्थेचं बिघडतं ती गोष्ट, मग तिला अनुक्रमांक चिकटवता येवो न येवो. तुमच्या संस्थेत ते 'हो' कोण म्हणतं? पासिंग ऑफिसर, म्हणजे व्हाउचर मंजूर करणारा अधिकारी. त्याच्या आयडीने पास झालेलं व्हाउचर ही तुमची सर्वात महागडी मालमत्ता आहे आणि ती यादीत नाही.

याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट. त्याच सुमाराला अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता की जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी रोकड उपसण्याचा बेत शिजतोय. असा इशारा हातात पडला की लोक तो जसाच्या तसा रजिस्टरात चिकटवतात. पण इशारा फक्त थ्रेट सांगतो. तुमच्याकडे एटीएम नसेल तर तो वाचून बाजूला ठेवायचा. असेल तर लगेच विचारायचं की आपला 'हो' कोणाच्या ताब्यात आहे, आणि सुटीच्या दिवशी अचानक हजारो 'हो' गेले तर कोणाचा फोन वाजेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'सोमवारी कळेल' असं येतं.

'आमच्यासारख्या लहान संस्थेवर कोण हल्ला करणार?' हे वाक्य तुमच्या चेअरमनांनी उच्चारलंय असं तुम्ही लिहिलंय. त्यांना न्हावा-शेव्याची गोष्ट सांगा. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये एक मालवेअर सुटलं, नंतर नाव पडलं नॉटपेट्या. तिथे कर भरण्यासाठी वापरतात त्या एमई-डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते शिरलं. निशाणा युक्रेन होता. पण मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या नेटवर्कमधून ते जगभर पसरलं आणि तिच्याच समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवत असलेलं जवाहरलाल नेहरू बंदरातलं, म्हणजे न्हावा-शेव्याचं, टर्मिनल अडलं. उरणच्या रस्त्यावर कंटेनर घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हरचं युक्रेनशी काय देणंघेणं? मर्स्कने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. तेव्हा 'आपल्यावर कोण हल्ला करणार' हा प्रश्नच सोडून द्या. हल्ला कुणावर आहे ते पाण्याला ठाऊक नसतं.

यात शब्दांचा फरक स्पष्ट करणारी एक गोष्ट आहे. नॉटपेट्याने वापरलेल्या एका फटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच पॅच, म्हणजे दुरुस्ती, दिला होता, म्हणजे १०५ दिवस आधी. म्हणून बरेच जण म्हणतात, पॅच लावला असता तर झालं नसतं. अर्धवट खरं आहे. ते मालवेअर संगणकाच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्डही उचलायचं आणि त्या पासवर्डांनी पॅच लावलेल्या यंत्रांतही शिरायचं. फट एक, वाटा दोन. पॅच हा कंट्रोल होता, तो लावल्यावरही उरलेली जोखीम मोठी होती, आणि ती कोणी मोजली नव्हती. मर्स्क सावरली त्यामागचं एक कारण तर ऐकण्यासारखं आहे: सगळ्या डोमेन कंट्रोलरांपैकी, म्हणजे नेटवर्कमध्ये कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरांपैकी, घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. महावितरणवर रोज बोटं मोडणाऱ्या आपल्याला हे गोड वाटतं, पण नशीब हा कंट्रोल नव्हे. रजिस्टरात त्याला रकाना नाही.

आकड्यांकडे येतो, कारण तुमच्या रजिस्टरात 'रिस्क स्कोअर' या रकान्यात ९.८, ७.५ असे आकडे दिसतात. ते कुठून आले ते मी न विचारताही सांगतो: स्कॅनरच्या अहवालातून. ते सीव्हीएसएसचे आकडे आहेत आणि ते फटीची तीव्रता सांगतात, जोखीम नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये एका सॉफ्टवेअरात सापडलेल्या लॉगफोरशेल या फटीला पुरे १० होते, आणि ते सार्थही होते. पण ते सॉफ्टवेअर तुमच्याकडे नसेल तर तो १० तुमच्यासाठी शून्य. उलट तुमच्या पासिंग ऑफिसरच्या कीबोर्डखालच्या चिठ्ठीला कुठलाच स्कॅनर आकडा देत नाही. तो रकाना आधी मोकळा करा.

तिथे बहुतेक जण पाच बाय पाचचा तक्ता वापरतात: शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, गुणाकार, हिरवा-पिवळा-लाल. वापरा, नियामकाला तो आवडतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. '३' म्हणजे काय ते आधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'शक्यता ३: दोन ते पाच वर्षांत एकदा', 'परिणाम ४: एका दिवसाहून अधिक काळ सर्व शाखा बंद'. नाहीतर सगळं मध्यम होतं. मी ६० पैकी ५४ ओळी पिवळ्या असलेलं रजिस्टर पाहिलंय, ते रजिस्टर नव्हतं, हळदीकुंकू होतं. आणि गुणाकारावर फार भिस्त ठेवू नका. वर्षाला आठ मोबाइल हरवतात, प्रत्येकी ५० हजार: वर्षाचं अपेक्षित नुकसान ४ लाख. रॅन्समवेअरने, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरने, एका दणक्यात ८० लाख जातील आणि ते वीस वर्षांत एकदा होईल असं धरलं: ८० लाख गुणिले ०.०५, पुन्हा ४ लाख. एका घटनेचं नुकसान गुणिले वर्षातली वारंवारता, हे सूत्र पुस्तकात बरोबर आहे. पण पहिले ४ लाख हा खर्च आहे, बजेटमध्ये बसतो. दुसऱ्या ४ लाखांत संस्थेला टाळं लागू शकतं. आकडा सारखा म्हणून जोखीम सारखी होत नाही.

आता तुमची 'विंडोज ७' ही ओळ घेऊ. विंडोज ७ ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, हे सत्य आहे, पण ती बातमी झाली. जोखीम वाक्यात लिहायची असते. कोण किंवा काय, कोणत्या फटीतून, कशाला, काय करेल, आणि मग संस्थेचं काय होईल. असं:

'बनावट ईमेल किंवा पेन ड्राइव्हमधून आलेलं रॅन्समवेअर, आधार संपलेल्या विंडोज ७ च्या चार काउंटर संगणकांतून शाखेच्या नेटवर्कमध्ये पसरून खात्यांचा डेटाबेस कुलूपबंद करेल. सहाही शाखांचे व्यवहार तीन ते पाच दिवस बंद राहतील आणि ठेवीदार रकमा काढायला गर्दी करतील.'

लांब आहे, असू दे. 'विंडोज ७' वाचून संचालक मंडळ म्हणतं, 'पुढच्या वर्षी बघू.' हे वाक्य वाचून विचारतं, 'चार संगणकांना किती लागतील?' रजिस्टराचं काम दुसरा प्रश्न विचारायला लावणं एवढंच आहे.

'पासवर्ड पॉलिसी नाही' याचंही तसंच. पॉलिसी नसल्याने काय होतं? पासिंग ऑफिसर जेवायला जातो, काउंटरवर चार माणसं खोळंबलेली असतात, म्हणून क्लार्क त्याच्या आयडीने आत शिरतो आणि आपणच टाकलेलं व्हाउचर आपणच पास करतो. मेकर (नोंद करणारा) आणि चेकर (ती तपासून मंजूर करणारा) एकच. कुणाच्याही मनात पाप नसतं, ग्राहकाची सोय असते. आणि म्हणूनच ज्या दिवशी एखाद्याच्या मनात पाप येतं त्या दिवशी ते ओळखता येत नाही, लॉगमध्ये दुपारी दोनला साहेबांचंच नाव दिसतं. जोखीम ही आहे. यावर उपाय बारा अक्षरी पासवर्डचा नाही, दुसऱ्या पासिंग अधिकाऱ्याचा आहे, आणि तो तुमच्या विभागाच्या हातात नाही.

'बॅकअप आहे' असं तुम्ही कंट्रोलच्या रकान्यात लिहिलंय, त्यावर एक प्रसंग. एका संस्थेत मी गेलो तेव्हा त्यांच्याही रजिस्टरात तेच होतं, हिरव्या रंगात. सर्व्हरच्या मागे बघितलं तर बाहेरची हार्डडिस्क रबरबँडने सर्व्हरलाच बांधलेली, यूएसबी कायम खोचलेली, कारण 'रोज काढ-घाल कोण करणार'. मी अहवालात लिहिलं, पण सौम्य लिहिलं, अजून खटकतं. चार महिन्यांनी रॅन्समवेअर आलं आणि मूळ डेटा आणि बॅकअप एकाच रात्री कुलूपबंद झाला. कंट्रोल होता. चालत नव्हता. तेव्हापासून मी 'आहे का' विचारत नाही, 'शेवटचा रिस्टोर करून कधी बघितला' असं विचारतो आणि तारीख मागतो.

जोखमीचं करायचं काय, याचे चारच मार्ग आहेत आणि त्यावर फार बोलण्यासारखं नाही: टाळा, कमी करा, दुसऱ्याशी वाटून घ्या किंवा स्वीकारा. विमा हा वाटून घेण्याचा प्रकार. तो पैसे देईल, दारातली रांग हटवणार नाही. गोंधळ होतो तो स्वीकारण्यात. 'स्वीकारली' असं तुमच्या १७ ओळींपुढे लिहिलंय. कोणी स्वीकारली? तुम्ही? तुम्हाला तो अधिकार नाही. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या मानकात प्रत्येक जोखमीला मालक लागतो आणि उरलेल्या जोखमीला त्या मालकाची मंजुरी लागते. मालक म्हणजे ज्याच्या कामाचं नुकसान होणार तो, संगणक दुरुस्त करणारा नव्हे. किती जोखीम सोसायची हे संचालक मंडळाने ठरवायचं, त्यालाच रिस्क ॲपेटाइट म्हणतात. शब्द जड आहे, पण तुमच्या गावात तो पुलावर रंगवलेला आहे: ४० ला सावध, ४५ ला सामान हलवा. तसे दोन आकडे मंडळाकडून घ्या, म्हणजे काउंटर किती तास बंद राहिलेले चालतील आणि किती दिवसांचा डेटा पुन्हा हाताने भरावा लागला तरी चालेल. हे दोन आकडे मिळाले की अर्ध्या ओळींचे वाद आपोआप मिटतात.

तर ४२ ओळींचं असं करा. 'सर्व्हर', 'राउटर' वगैरे उचलून मालमत्तेच्या यादीत टाका आणि त्या यादीत पासिंगचे अधिकार, एसएमएसचं गेटवे, सोनेतारणाचं रजिस्टर घाला. 'व्हायरस' पुसा. स्कॅनरच्या ओळी वेगळ्या कागदावर काढा, तो तुमच्या विभागाच्या दुरुस्तीचा कागद आहे, मंडळापुढे न्यायचा नाही. उरलेल्यांची वाक्यं करा. माझा अंदाज, दहा-बारा होतील. प्रत्येकीपुढे मालकाचं पद आणि सहीची जागा ठेवा. पासवर्डच्या ओळीचे मालक शाखा व्यवस्थापक आहेत. त्यांच्याकडे सहीला दुपारी दोनच्या सुमाराला जा, पासिंग ऑफिसर जेवायला गेलेला असेल.